उत्तर एक यायला हवं : सी भाषेसाठी गणिती लायब्ररी निवडताना

इ. स. ११५०मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यांच्या बीजगणितात एक प्रश्न आहे. अशी कोणती संख्या, जिच्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळवला की पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्गच मिळतो? प्रश्न दिसायला शाळकरी आहे, पण शून्य सोडलं तर सगळ्यात लहान उत्तरच नऊ आकडी निघतं: २२६१५३९८०. त्याच्या वर्गाची ६१ पट करून १ मिळवला की १७६६३१९०४९चा वर्ग तयार होतो. भास्कराचार्यांनी हे उत्तर चक्रवाल पद्धतीनं, कोणत्याही यंत्राशिवाय काढलं. फ्रान्सच्या फर्मा यांनी हाच ६१चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे ठेवला तो १६५७मध्ये, म्हणजे पाच शतकांनंतर. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे आणि तो १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला.

आता हेच उत्तर सी भाषेत पडताळून पाहायचं म्हटलं तर? १७६६३१९०४९ या पहिल्या संख्येचा वर्ग करायचा, २२६१५३९८० या दुसरीच्या वर्गाची ६१ पट करायची आणि वजाबाकी करायची. उत्तर १ यायला हवं. काम तीन ओळींचं आहे.

संख्या ‘इंट’ प्रकारात ठेवल्या तर त्या मावतात, कारण ३२ बिटांच्या इंटची मर्यादा २१४७४८३६४७ आहे. वर्ग मात्र तिच्या कितीतरी पुढे जातो आणि हाती येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून विद्यार्थी ‘डबल’ वापरतो. डबलमध्ये अवाढव्य संख्या मावतात, हे त्यानं वाचलेलं असतं. तो प्रोग्राम चालवतो आणि नेहमीच्या ६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी यंत्रावर उत्तर येतं ०.

असं का होतं, हे एकदा आकड्यांत पाहण्यासारखं आहे. पहिल्या संख्येचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. दुसरीच्या वर्गाची ६१ पट ३११९८८२९८२८६०२६४४००. डबलमध्ये मोठ्या संख्या मावतात हे खरं, पण त्यातले महत्त्वाचे बिट असतात फक्त ५३. एवढ्या मोठ्या संख्यांच्या प्रदेशात डबलला प्रत्येक पूर्णांक दिसत नाही, दर ५१२ पावलांवरचा एकेकच दिसतो. त्यामुळे वरच्या दोन्ही संख्या जवळच्या एकाच मुक्कामी, ३११९८८२९८२८६०२६४४४८वर जाऊन बसतात. दोन्ही सारख्याच झाल्यावर वजाबाकी शून्य येणारच. काही यंत्रांवर कंपायलर गुणाकार आणि वजाबाकी एकाच सूचनेत उरकतो. तिथे हाच कोड ४८ किंवा उणे ४७ असंही उत्तर देऊ शकतो. प्रोग्राम कुठेही अडत नाही, कंपायलर इशारा देत नाही. उत्तर चुकलेलं असतं, इतकंच.

६४ बिटांचा ‘लाँग लाँग’ वापरला की १ मिळतो, कारण त्याची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. पण याच समीकरणाची पुढची जोडी आहे ६२३९७६५९६५७२०५२८८०१ आणि ७९८९२०१६५७६२३३००४०. या दोन्ही संख्या लाँग लाँगमध्ये मावतात. त्यांचे वर्ग मावत नाहीत, कारण पहिलीचा वर्ग ३८ आकडी आहे. लायब्ररीची गरज इथे सुरू होते, आणि लायब्ररी निवडण्याचा पहिला प्रश्नही इथेच सापडतो: आपल्यापुढचा आकडा कोणत्या जातीचा आहे? तो शेवटच्या अंकापर्यंत अचूक हवा, की काही अंकांपर्यंत पुरेसा आहे? वेग, लोकप्रियता, सोय हे सगळं यानंतर येतं.

आधी घरात काय आहे ते पाहावं

सी भाषेसोबत ‘मॅथ डॉट एच’ ही हेडर फाइल येते. १९८९च्या प्रमाणीकरणात तिच्यात २२ फंक्शन्स होती: साइन, कोसाइन, वर्गमूळ, घात, लॉग अशी. १९९९च्या प्रमाणीकरणानं मोठी भर घातली. तरीही अनेक अभ्यासक्रम त्या २२ फंक्शन्सच्या पलीकडे जात नाहीत.

त्या भरीतली दोन फंक्शन्स पाहू. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढताना दोन्ही बाजूंचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घेतलं, तर बाजू १ वर २०० शून्यं एवढी असताना वर्गातच डबलची मर्यादा ओलांडली जाते आणि उत्तर अनंत येतं. ‘हायपॉट’ हे फंक्शन हाच कर्ण मर्यादा न ओलांडता काढून देतं. ‘लॉग-वन-पी’ हे दुसरं. एखादी फार बारीक संख्या १मध्ये मिळवून लॉग घेतला, तर ती बारीक संख्या बेरजेतच पुसली जाते आणि उत्तर शून्य येतं. लॉग-वन-पी ती बेरीज न करता थेट लॉग देतं. यासाठी बाहेरची कोणतीही लायब्ररी लागत नाही.

लिनक्सवर सी शिकणाऱ्या प्रत्येकाला याच ठिकाणी एक अडचण भेटते. हेडर जोडलेला असतो, कोड बरोबर असतो, तरी लिंकर ‘वर्गमूळ सापडत नाही’ म्हणून तक्रार करतो. हेडर फाइलमध्ये फंक्शनची फक्त ओळख असते, प्रत्यक्ष कोड ‘लिब-एम’ नावाच्या वेगळ्या लायब्ररीत असतो. तो जोडण्यासाठी आज्ञेच्या शेवटी, फाइलच्या नावांनंतर, ‘उणे एल एम’ लिहावं लागतं. गंमत पुढेच आहे. कोडमध्ये थेट २चं वर्गमूळ मागितलं, तर ‘उणे एल एम’ न लिहिताही प्रोग्राम तयार होतो. २च्या जागी चल राशी ठेवली की तक्रार येते. कारण २चं वर्गमूळ जीसीसी हा कंपायलर स्वतःच, प्रोग्राम बांधतानाच काढून ठेवतो. त्यासाठी तो एमपीएफआर आणि जीएमपी या दोन मुक्तस्रोत लायब्ररी वापरतो. २००८च्या ४.३ आवृत्तीपासून जीसीसी बांधण्यासाठी या दोन्ही असणं आवश्यक झालं. सीचा जगभर वापरला जाणारा कंपायलर ज्यांच्या गणितावर विसंबतो, त्या लायब्ररींची याहून चांगली शिफारस शोधावी लागणार नाही.

अचूक पूर्णांक, अचूक दशांश

जीएमपीची पहिली आवृत्ती १९९१ची. ती स्वीडनच्या टॉर्ब्योन ग्रान्लुंड यांनी लिहिली. तिच्या पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही, संगणकाची मेमरी असेल तिथपर्यंत आकडा वाढू शकतो. मोठी संख्या ती ६४ बिटांच्या तुकड्यांत मांडून ठेवते आणि गुणाकाराची पद्धत आकार पाहून बदलते. लहान संख्यांना शाळेतली पद्धत, त्याहून मोठ्यांना कारात्सुबा यांची, पुढे टूम-कुक, आणि प्रचंड संख्यांना फूरिए रूपांतरावर आधारलेली. कुठल्या आकारानंतर कुठली पद्धत परवडते, हे प्रोसेसरनुसार आधीच मोजून ठेवलेलं असतं.

सीमध्ये जीएमपी वापरताना सवय मात्र बदलावी लागते. गुणाकाराचं चिन्ह चालत नाही, त्यासाठी फंक्शन बोलवावं लागतं. प्रत्येक मोठी संख्या आधी सिद्ध करावी लागते आणि काम झालं की मोकळी करावी लागते. मोकळी करायला विसरलं की लूपच्या प्रत्येक फेरीत मेमरी गळत राहते. ६४ बिटांत मावणाऱ्या साध्या बेरजांसाठी जीएमपी घेणं योग्य नाही, तिथे ती विनाकारण संथ पडते. भास्कराचार्यांच्या दुसऱ्या जोडीसाठी मात्र तीच योग्य आहे, तिच्यावर उत्तर पुन्हा १ येतं.

एमपीएफआर ही दशांशांसाठी. फ्रान्समध्ये नान्सी इथे इन्रिया या संशोधन संस्थेत तिचा जन्म झाला. किती बिटांची अचूकता हवी ते प्रोग्रामर ठरवतो आणि शेवटचा अंक कोणत्या दिशेला वळवायचा तेही तोच सांगतो. याचं महत्त्व कळण्यासाठी कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचं उदाहरण पुरेसं आहे. जानेवारी १९८२मध्ये तिथला निर्देशांक १०००वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर नवा आकडा काढताना तीन दशांशांपुढचे अंक जवळच्या बाजूला न वळवता सरळ छाटले जात. दिवसाला हजारो वेळा अशी छाटणी झाली. नोव्हेंबर १९८३मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. नीट हिशेब केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. शेवटच्या अंकाचं काय करायचं, हा निर्णय कोणीतरी जाणूनबुजून घ्यायला हवा होता. एमपीएफआर तो निर्णय प्रत्येक वेळी मागते.

मॅट्रिक्सचा गुणाकार तीन लूपमध्ये लिहू नये

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक कामांना शेकडो अंकांची अचूकता लागत नाही. तिथे डबल पुरतो. अडचण असते ती आकारमानाची.

१०००×१०००च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे १०० कोटी गुणाकार आणि जवळपास तितक्याच बेरजा. सीच्या पहिल्या पुस्तकात शिकवलेले तीन लूप हे काम बरोबर करतात, पण फार हळू. कारण मेमरीच्या मांडणीत आहे. सीमध्ये मॅट्रिक्सची एक ओळ सलग साठवलेली असते. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, बहुतेक यंत्रांवर तो ६४ बाइटांचा, म्हणजे आठ डबलचा गठ्ठा एकदम उचलतो. आडव्या ओळीतून चालताना आठही आकडे कामी येतात. उभ्या स्तंभातून खाली उतरताना मात्र प्रत्येक पाऊल ८००० बाइटांवर पडतं. आठांपैकी एक आकडा वापरायचा, सात वाया जायचे आणि पुढचा गठ्ठा मागवायचा, असं चालू राहतं. प्रोसेसरचा बराचसा वेळ नुसता वाट पाहण्यात जातो.

यावरचा उपाय जगानं १९७९पासून रचत आणला आहे. त्या वर्षी लॉसन, हॅन्सन, किंकेड आणि क्रोग यांनी ‘ब्लास’ नावाचा मूलभूत फंक्शन्सचा संच मांडला. आधी सदिशांसाठी, १९८८मध्ये मॅट्रिक्स आणि सदिशांसाठी, १९९०मध्ये मॅट्रिक्स-मॅट्रिक्ससाठी. त्याच्यावर १९९२मध्ये ‘लापॅक’ उभी राहिली. समीकरणांचे संच सोडवणं, आयगेनमूल्यं काढणं ही कामं ती करते. या घडणीत मोठा वाटा असलेले जॅक डोंगारा यांना २०२१चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

ब्लास म्हणजे एक लायब्ररी नव्हे, फंक्शनची नावं आणि त्यांचं काम यांचा तो करार आहे. तो पाळणाऱ्या लायब्ररी अनेक आहेत. काझुशिगे गोतो यांनी प्रोसेसरच्या कॅशेचा बारकाईनं अभ्यास करून मॅट्रिक्सचे तुकडे नेमके किती मोठे घ्यायचे ते बसवलं आणि गुणाकाराचा गाभा असेम्ब्लीत हातानं लिहिला. त्यांच्या गोतोब्लासवरून पुढे चीनमध्ये झांग शियानयी यांनी ‘ओपनब्लास’ सुरू केली. पायथनमधली नमपाय लायब्ररी पिप वापरून घेतली की तिच्यासोबत सहसा ओपनब्लासच येते. टेक्सास विद्यापीठातून आलेली ‘ब्लिस’ हा दुसरा भक्कम पर्याय. करार एकच असल्यानं प्रोग्राममधली एकही ओळ न बदलता एक काढून दुसरी जोडता येते. कुठलीही लायब्ररी निवडताना हा गुण पाहावा, कारण चुकलेली निवड इथे स्वस्तात दुरुस्त होते.

सी लिहिणाऱ्यानं दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ब्लास आणि लापॅक मूळच्या फोरट्रानच्या, आणि फोरट्रान मॅट्रिक्स स्तंभाप्रमाणे साठवतं, ओळीप्रमाणे नव्हे. म्हणून सीसाठी असलेले सीब्लास आणि लापॅकई हे दरवाजे वापरावेत. मांडणी ओळींची आहे की स्तंभांची, ते तिथे पहिल्याच ठिकाणी सांगता येतं. दुसरी गोष्ट, ओपनब्लास काम अनेक थ्रेडमध्ये वाटते. थ्रेडची संख्या बदलली की बेरजांचा क्रम बदलतो आणि डबलमध्ये क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. चाचण्यांमध्ये उत्तरं तंतोतंत जुळवण्याऐवजी ठरावीक फरकापर्यंत जुळवावीत, ती यासाठी.

एकाच छताखाली

संख्याशास्त्रातली वितरणं, बेसेल फंक्शन्स, संकलन, वक्र जुळवणं, यादृच्छिक संख्या हे सगळं थोडं थोडं हवं असेल, तर जीएसएल ही ग्नू सायंटिफिक लायब्ररी पाहावी. १९९६मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत मार्क गलासी आणि जेम्स थाइलर यांनी ती सुरू केली. त्याआधी संशोधक ‘न्यूमेरिकल रेसिपीज’ या प्रसिद्ध पुस्तकातला कोड उतरवून घेत. त्या कोडवर वापराची बंधनं होती, तो मोकळेपणानं वाटता येत नसे. मुक्तपणे वापरता, तपासता आणि वाटता येईल असं गणित संशोधकांना हवं होतं, म्हणून जीएसएल उभी राहिली. आज तिच्यात हजाराहून अधिक फंक्शन्स आहेत आणि तिची माहितीपुस्तिका अंकीय पद्धतींचा चांगला परिचय म्हणून वाचावी अशी आहे.

यादृच्छिक संख्यांचंच पाहू. सीच्या स्वतःच्या ‘रँड’ फंक्शनची कमाल संख्या किमान ३२७६७ असावी, एवढीच हमी प्रमाणीकरण देतं. काही यंत्रणांवर ती खरोखर तेवढीच आहे. लाखो फेऱ्यांचं सिम्युलेशन त्यावर उभं करणं धोक्याचं. जीएसएलमध्ये न सांगता मिळतो तो मर्सेन ट्विस्टर. मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांच्या या पद्धतीत संख्यांचा क्रम २च्या १९९३७व्या घातातून १ वजा केल्याइतक्या फेऱ्यांनंतरच पुन्हा येतो. पासवर्ड किंवा गुप्तलेखनासाठी मात्र तो वापरू नये, पुरेसे आकडे पाहिले की पुढचे ओळखता येतात.

जीएसएल घेताना दोन खाचखळगे. चूक घडली की ती मुळात प्रोग्रामच थांबवते. प्रयोगशाळेत हे चालतं, सतत चालणाऱ्या यंत्रणेत नाही. तिथे हा पहारेकरी सुरुवातीलाच बंद करून प्रत्येक फंक्शनचा परतलेला कोड तपासावा. शिवाय तिच्यासोबत येणारी ब्लास साधी आणि संथ आहे. लिंक करताना तिच्या जागी ओपनब्लास जोडली की तोच प्रोग्राम मोठ्या मॅट्रिक्सवर झपाट्यानं धावतो.

ध्वनी, कंपनं, प्रतिमा यांच्या कामाला फूरिए रूपांतर लागतं. त्यासाठी एमआयटीत मातेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी लिहिलेली एफएफटीडब्ल्यू आहे. ती आधी त्याच यंत्रावर निरनिराळ्या पद्धती चालवून मोजते, सर्वांत वेगवान ठरेल ती योजना करते, मग त्या योजनेनं काम करते. हे मोजमाप करताना ती ॲरेमधला मजकूर पुसते, म्हणून आधी योजना, मग त्यात आकडे भरणं, हा क्रम पाळावा. रूपांतर करून उलट फिरवलं की मूळ आकडे नगांच्या संख्येइतक्या पटींनी वाढलेले मिळतात, तो भागाकार आपण करायचा. एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर मोजक्या नमुन्यांचंच रूपांतर हवं असेल, तर किस एफएफटी ही इवलीशी लायब्ररी पुरते.

परवाना आधी वाचावा

मुक्तस्रोत म्हणजे अटी नाहीत असा समज घातक आहे. ओपनब्लास, लापॅक आणि किस एफएफटी बीएसडी धर्तीच्या परवान्याखाली येतात. मूळ लेखकांची सूचना जपली की विकायच्या उत्पादनातही त्या घालता येतात. जीएमपी आणि एमपीएफआर एलजीपीएलखाली आहेत. आपला प्रोग्राम बंदिस्त ठेवता येतो, मात्र लायब्ररीची बदललेली आवृत्ती ग्राहकाला जोडता येईल अशी सोय ठेवावी लागते. जीएसएल आणि एफएफटीडब्ल्यू जीपीएलखाली आहेत. त्या जोडलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर त्याचा सोर्स कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. महाविद्यालयातला प्रकल्प, संशोधन, संस्थेच्या आतला वापर यांना याची अडचण नाही. बंदिस्त उत्पादन विकणाऱ्या कंपनीला आहे. एफएफटीडब्ल्यूसाठी एमआयटीकडून वेगळा व्यावसायिक परवाना मिळतो, आणि पॉकेटएफएफटीसारखा बीएसडी परवान्याचा पर्यायही आहे. ही तपासणी पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांची असते. उत्पादन बाजारात गेल्यावर तीच महिन्यांची होते.

परवान्यानंतर पाहायचं ते लायब्ररीच्या तब्येतीकडे. शेवटची आवृत्ती कधी आली, चुकांच्या नोंदींना उत्तरं मिळतात का, सोबत चाचण्यांचा संच आहे का. जीएमपीचे लेखक स्वतःच आग्रहानं सांगतात की लायब्ररी बांधल्यावर ‘मेक चेक’ चालवल्याशिवाय ती वापरू नये, कारण कंपायलरच्या चुकांमुळे ती बिघडलेली आढळली आहे.

मराठीतून सुरुवात करू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी भाषेचे धडे आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पानं देशभर रुजवलेल्या सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या पोटातही लापॅक आणि एफएफटीडब्ल्यू आहेत. म्हणजे या लायब्ररी अनेक विद्यार्थी नाव न कळता आधीपासून वापरत आहेत.

ज्यांच्या हातात आज एखादं नवं काम आहे, त्यांनी एवढं करावं. आकडा अचूक हवा असेल तर जीएमपी किंवा एमपीएफआर, मॅट्रिक्स असतील तर लापॅक आणि ओपनब्लास, विविध गरजा असतील आणि परवाना चालत असेल तर जीएसएल, यांपैकी एक बसवावी. मग स्वतःचा कोड लिहिण्याआधी, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं एक गणित तिला घालावं. जीएमपीसाठी ते तयारच आहे: ६२३९७६५९६५७२०५२८८०१चा वर्ग, वजा ७९८९२०१६५७६२३३००४०च्या वर्गाची ६१ पट. उत्तर १ आलं की पुढच्या कामाला लागावं.